बांधलेल्या हातांबद्दल, सिस्टर

सिस्टर, तुम्ही गेलात त्या दुपारी मी माझा राउंड पूर्ण केला. वॉर्डात अकरा मुलं होती. प्रत्येकाचं पोट तपासलं, छाती ऐकली, डोस लिहिले. एका डिस्चार्ज कार्डावर सही करताना पेन अडकलं, तेव्हा न बघताच हात मागे केला आणि म्हणाले, "मेश्राम सिस्टर, पेन." कुणीतरी पेन दिलं. मी सही केली. पेन देणारी तुम्ही नव्हतात हे मला पुढच्या खाटेपाशी पोचल्यावर कळलं. तरी मला काही झालं नाही. त्यानंतरही बरेच दिवस झालं नाही. जेवत होते, झोपत होते, तुमच्या जागी आलेल्या मुलीला औषधांचं कपाट समजावून देत होते.

हॉस्पिटलने शोकसभा घेतली. तुमची नोकरी किती वर्षांची, कुठकुठल्या वॉर्डात, सगळं वाचून दाखवलं. मलाही बोलायला लावलं. मी दोन मिनिटं बोलले. त्यात खोटं काही नव्हतं, पण जे बोलायला हवं होतं तेही नव्हतं. ते फुलेश्वरीबद्दल होतं, आणि मी मेट्रनला लिहून दिलेल्या एका कागदाबद्दल. तो कागद आपल्या दोघींमध्ये चार वर्षं होता आणि आपण एकदाही त्याचं नाव काढलं नाही.

फुलेश्वरी आली तेव्हा मला रायपूरला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा इथल्या सरकारी कचेरीत, म्हणून मी साताऱ्याहून इथे. वॉर्डात मराठी बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच. पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून तुम्ही म्हणाला होतात, "मॅडम, तुमची मराठी बातम्यांतली हाय." मला ते आवडलं नव्हतं. आपली सुरुवात काही फार गोड नव्हती.

नऊ वर्षांची पोरगी. वडील उरल्याच्या कारखान्यांच्या वस्तीत, रोलिंग मिलमध्ये, आई दुलारी घरी. पायाच्या हाडात पू झाला होता. ऑपरेशन करून पू काढला, पाय गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टरच्या पट्टीत, आणि पुढचे तीन आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. तिला ऑटिझम होता. बोलत नव्हती. माणसांकडे बघत नव्हती. वॉर्डात आणली तेव्हा ती स्वतःचं मनगट चावत होती आणि तिच्या ओरडण्याने बाकीची मुलं रडायला लागली होती. आम्ही चौघांनी तिला धरलं. तिसऱ्या वेळी सुई शिरेत गेली. अर्ध्या तासाने तिने ती उपटून फेकली आणि चादर रक्ताने भिजली. मी रेसिडेंटला म्हणाले, पुन्हा लावा आणि या वेळी नीट धरा.

तुमची ड्यूटी दुपारची होती. तुम्ही आलात, चादर बदललीत, आणि सुईचं नावही न काढता दुलारीला घेऊन जिन्यापाशी बसलात. तासभर. मला राग आला, कारण पुढचा डोस उशीर होत होता. तुम्ही परत आलात तेव्हा तुमच्या हातात वहीतून फाडलेलं एक पान होतं. ते तुम्ही खाटेच्या डोक्याशी चिकटवलंत. माझ्या अजून लक्षात आहे. पाठीमागून जाऊ नये. एका वेळी एकच माणूस. स्पिरिटचा बोळा आधी तिच्या हातात द्यावा, वास घेऊ द्यावा. हात धरला तर पाच आकडे मोजून सोडावा, मग परत धरावा. ट्यूबलाइट बंद ठेवावी, ट्यूबचा आवाज तिला ऐकू येतो. आपल्याला येत नाही, तिला येतो.

मी विचारलं, हे सगळं कुठे शिकलात. तुम्ही म्हणालात, "तिच्या मायले विचारलं. नऊ वर्षं थे सांभाळून राहिली, तिले नाही मालूम तर कोणाले?"

मी परदेशातल्या पुस्तकांतून ऑटिझम वाचला होता. परीक्षेत त्यावर उत्तर लिहिलं होतं. आईला विचारायचं हे त्यात कुठेतरी असणारच. मी केलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवशी तुम्ही फुलेश्वरीच्या खाटेपाशी, खाली फरशीवर, पाय पसरून बसलात आणि स्वतःच्या हाताला पट्टी गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. तिच्याकडे बघितलंही नाहीत. वीस मिनिटांनी तिने खाटेवरून हात खाली सोडला. तुम्ही तो धरलात, पाच मोजलेत आणि सोडलात. असं किती वेळा, मी मोजलं नाही. सुई लागली तेव्हा ती ओरडली, पण हात ओढला नाही. मी दारात उभी होते. रेसिडेंट माझ्याकडे बघत होता आणि मी कशात तरी गुंतल्यासारखं दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी आपण तात्यापारा मोहल्ल्यात गेलो, तुम्हाला आठवत असेल. तिथल्या फोटो स्टुडिओत तुमच्या मोबाइलमधले फोटो छापून घ्यायचे होते. सलाइनची बाटली, थर्मामीटर, ड्रेसिंगचा ट्रे, भाताची ताटली, तुम्ही स्वतः. काय काय होणार ते तिला आधी चित्रात दाखवायचं, म्हणजे ती घाबरणार नाही. दुकानदाराने विचारलं, "बच्चे का स्कूल प्रोजेक्ट है क्या?" तुम्ही "हव" म्हणालात, तुमचा नेहमीचा हो. बाहेर आल्यावर मी विचारलं, खोटं काहून बोललात. तुमच्या तोंडचा 'काहून' माझ्या तोंडून निघाला, आणि तुम्ही रस्त्यात थांबून हसलात. मीही हसले. त्या दिवसापासून तुम्ही माझ्या डब्यात तुमची पातोडीची भाजी घालायला लागलात.

म्हणूनच नवव्या दिवसाचं मला सांगता येत नाही. तरी सांगते.

पाच-सहा दिवस सगळं नीट चाललं होतं. ताप उतरला होता. नवव्या दिवशी सकाळी फुलेश्वरीने भात ढकलून दिला, मग चित्रांची कार्डं भिरकावली, मग डोकं भिंतीवर आपटायला लागली. दुपारपर्यंत कपाळ सुजलं. दुलारी तिच्या कपाळापुढे स्वतःचा हात धरून बसली होती आणि तो हात भिंत आणि डोकं यांच्यामध्ये चेचला जात होता. सुई उपटली गेली. मी ठरवलं, झोपेचं इंजेक्शन द्यायचं, हात पट्टीने कठड्याला बांधायचे आणि डोस पूर्ण करायचा. मला वाटलं, हे तिच्या आजाराचंच आहे. इतके दिवस दबलं होतं, ते उसळून आलं.

तुम्ही म्हणालात, "थोडं थांबा मॅडम. तिचं काही दुखून राहिलं."

मी म्हणाले की पायाची जखम सकाळीच पाहिली आहे, चांगली आहे.

"पाय नाही. पोटाले हात लावा."

मी म्हणाले, अशा अवस्थेत ती कुणाला हात लावू देणार आहे? आधी झोपवू, मग बघू. तुम्ही म्हणालात, झोपवलं तर तिला सांगता येणार नाही. मी म्हणाले, तिला तसंही सांगता येत नाही. हे वाक्य मी सगळ्यांसमोर बोलले, दुलारीसमोरही. तिला मराठी येत नसली तरी तिने मान खाली घातली.

"ऑर्डर लिहिली आहे, सिस्टर," मी म्हणाले.

"लिहा मॅडम. पण पट्टी मी बांधत नाही."

तुमचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या सिस्टरने पट्टी बांधली. इंजेक्शन दिलं, फुलेश्वरी झोपली, डोस गेला. आणि मी माझ्या खोलीत जाऊन मेट्रनला लिहून दिलं की स्टाफ नर्स मेश्राम यांनी वॉर्डात सर्वांसमोर लेखी आदेश पाळायला नकार दिला. अर्ध्या पानाचा कागद. मी तो शिपायाच्या हातात दिला आणि आत्ताच्या आत्ता पोचवा म्हणाले, रागाने. आता तो राग कसा होता हे आठवत नाही. फक्त ते अर्धं पान आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुंगीत असतानाच मी पोटाला हात लावला. दगडासारखं होतं. तक्ता उघडला. पाच दिवस तिला शौचाला झालेलं नव्हतं. प्रत्येक दिवसापुढे तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं, आणि शेवटच्या दोन दिवसांखाली रेघ मारलेली होती. दुखण्यावरच्या गोळ्यांनी पोट साफ होणं थांबलं होतं. खाटेवर द्यायचं शौचाचं भांडं तिला माहीत नव्हतं, उकिडवं बसल्याशिवाय तिला जमत नव्हतं, आणि पाय तर प्लास्टरमध्ये. एनिमा दिला. दोन तासांनी ती भात खात होती. डोकं आपटणं थांबलं ते थांबलंच. मनगटांवर पट्टीचे लाल वळ मात्र दोन दिवस होते.

मी तो कागद परत घ्यायला मेट्रनकडे गेले होते, सिस्टर. हे तुम्हाला माहीत नाही. जिना चढून तिच्या दारापर्यंत गेले. आत ती फोनवर होती. तिने हाताने खूण केली, बसा. मी पाच मिनिटं बसले आणि उठून आले. तोवर तुमची बदली ओपीडीच्या इंजेक्शनच्या खोलीत झालेली होती. मी स्वतःला सांगितलं, आता प्रशासनाचा विषय आहे. हे वाक्य मला त्या वर्षी फार उपयोगी पडलं.

पुढच्या दिवशी तुम्ही बारा वाजता वर आलात. जेवणाच्या सुट्टीत. फुलेश्वरी सकाळपासून दाराकडे बघत होती आणि नवीन सिस्टरला हात देत नव्हती. तुम्ही कुणालाही न विचारता खाली बसलात, डोस दिलात, आणि ओपीडीत परत गेलात. दुसऱ्या दिवशीही. तीन आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज. मी बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. दुपारचं तुम्ही कधी जेवत होतात, मला ठाऊक नाही. माझ्या डब्यात भाजी यायची बंद झाली होती आणि मला ते योग्यच वाटत होतं.

दोन महिन्यांनी तुम्ही वॉर्डात परत आलात. पहिल्याच दिवशी डबा उघडून माझ्यापुढे सरकवलात आणि म्हणालात, मीठ कमी झालंय का पाहा. तेव्हा बोलायचं होतं. तेव्हा सोपं होतं. मी भाजी खाल्ली आणि म्हणाले, बरोबर आहे.

त्यानंतर आपण खूप काम केलं. आता कुठलंही असं मूल भरती झालं की आधी आईवडिलांना विचारतो, पान चिकटवतो, एकच सिस्टर ठरवून देतो. मूल अचानक बिघडलं की आधी दुखणं शोधतो. कान, दात, पोट, लघवी. मी हे नव्या रेसिडेंटना शिकवते आणि ते मला मानतात. मी दर वेळी सांगते की हे मला मेश्राम सिस्टरनी शिकवलं. ते कसं शिकवलं, हे सांगत नाही.

तुमचंही सगळं बरोबर असायचं असं नाही. सिलतऱ्याहून आलेला तो लहान मुलगा आठवा. तुम्ही थांबा म्हणालात, त्याला सावरू द्या, मग रक्त घ्या. आपण थांबलो. त्याची साखर तेवढ्यात किती खाली गेली होती हे नंतर कळलं, आणि त्याला झटका आला. तो वाचला. तुम्ही दोन दिवस ड्यूटी संपल्यावरही त्याच्या खाटेपाशी बसलात. त्यावरून आपलं भांडण कायम होतं. किती थांबायचं? मी म्हणायचे, आजार कुणासाठी थांबत नाही. तुम्ही म्हणायचात, घाईत केलेलं परत करावं लागते, मॅडम. गेल्या महिन्यात तुम्ही म्हणालात की एक दिवस बसून हे लिहून काढू, कोणत्या मुलासाठी किती थांबायचं. मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात. काही कामाला ओपीडीत गेलात, तिथेच कोसळलात आणि तुम्हाला स्ट्रेचरवर आणलं, तो तोच आठवडा.

वरच्या अतिदक्षता विभागात मी आले तेव्हा तुमच्या तोंडात नळी होती आणि दोन्ही हात खाटेच्या कठड्याला पट्टीने बांधलेले होते.

का बांधतात ते मला माहीत आहे. अर्धवट शुद्धीत माणूस नळी ओढतो. मी तिथे ड्यूटीवर असते तर मीही तेच लिहिलं असतं. तिथल्या सिस्टरने पट्टी नीट बांधली होती, बोट शिरेल एवढी सैल. तरी मी म्हणाले, मी बसले आहे तोवर सोडा. तिने सोडली. मी तुमचा उजवा हात धरून बसले. तो दोनदा नळीकडे गेला. मी दोनदा खाली आणला आणि म्हणाले, थोडं थांबा, सिस्टर. बाकी काय बोलावं सुचेना. मग सांगितलं की तुमचं सोडियम बरं आहे, बीपी आटोक्यात येतंय. चाळीस मिनिटं मी तुम्हाला रिपोर्ट वाचून दाखवत होते. कागदाचं सांगायला तिथे कुणी अडवलं नव्हतं. मग खालून बोलावणं आलं. मी उठले तशी त्या सिस्टरने हात परत बांधले, आणि मी ते बघितलं.

पुण्यानुमोदनाला तुमच्या घरी गेले. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, भंतेजींचा आवाज, तुमचा फोटो. वंदना मला येत नाही, मी नुसते हात जोडून बसले. नंतर तुमची मुलगी प्रज्ञा चहा घेऊन आली. मी तिच्याशी मराठीत बोलत होते, ती हिंदीत उत्तर देत होती, तुमच्याशी बोलायची तशीच. मी तिला हळूच विचारलं, चार वर्षांपूर्वी आईची ओपीडीत बदली झाली होती, तेव्हा घरी काही बोलल्या होत्या का?

"हाँ, वो तो मम्मी ने खुद माँगी थी," ती म्हणाली. "घुटनों में दर्द था न. बोली थी, मैडम ने मेट्रन से कहकर करवा दिया."

मी चहा संपवला. कप खाली ठेवला. प्रज्ञा म्हणाली की पापा अजूनही सगळ्यांना सांगतात, मॅडमनी आपल्याला किती मदत केली. तुमचे मिस्टर कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघून हात जोडत होते. मी पण जोडले. तुमच्या घरात मी चार वर्षं चांगली बाई होते, सिस्टर, आणि ते तुम्ही केलंत. मला वाटलं आता तरी रडू येईल. आलं नाही. रिक्षात बसून मी घरी आले आणि कणीक मळली.

तीन दिवसांपूर्वी दुलारीचा फोन आला. फुलेश्वरीची दाढ किडली आहे, भूल देऊन काढायची, एक दिवसाची भरती. "सिस्टर दीदी रहेगी न?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "तो सुई कौन लगाएगा?" मी म्हणाले, मी लावीन.

आज सकाळी ती आली. तेरा वर्षांची झाली आहे, माझ्या खांद्याला लागते. मी कोट काढून ठेवला, सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि फरशीवर बसले. माझे गुडघे दुखले. तुमचेही खरंच दुखत असतील, हे तेव्हा लक्षात आलं. फुलेश्वरी माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागे बघत होती. मी थांबले. भूलतज्ज्ञ दोनदा दारात येऊन गेले, मी त्यांना थांबवलं. बऱ्याच वेळाने तिने हात पुढे केला. मी सुई लावली, एका झटक्यात लागली. चिकटपट्टी लावताना मी घाई केली. मला आनंद झाला होता म्हणून असेल. तिने वाकून माझं मनगट चावलं.

चावली तर हात ओढायचा नाही, हे तुम्ही सांगितलेलं होतं. मी हात तसाच ठेवला. तिने आपणहून सोडला. सुई जागेवर होती. माझ्या मनगटावर दातांची पूर्ण ओळ उमटली होती आणि दोन ठिकाणी रक्त आलं होतं. दुखलं. आणि मग मला काय झालं ते कळलं नाही, मी तिथेच खाटेला डोकं टेकवून रडायला लागले, आवाज करून. थांबता येईना. फुलेश्वरीने कानांवर हात ठेवले.

दुलारी घाबरून खाली बसली. माझा हात हातात घेऊन ती पदराने पुसत होती आणि लेकीच्या वतीने माफी मागत होती.

"बहुत लग गया क्या, मैडम?" तिने विचारलं.

"हव," मी म्हणाले.